बाईंच्या भुवया

प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाने तिथे काही शिकावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. हजेरीच्या कागदावर सही करावी, पंख्याखालची खुर्ची धरावी आणि चहा येईपर्यंत चेहरा उत्सुक ठेवावा, एवढं जमलं की प्रशिक्षण यशस्वी झालं असं लिहायला सगळे मोकळे. बाईंना हे उत्तम जमे. त्यातल्या त्यात चेहरा. तो त्यांना ठेवावा लागत नसे, तो होताच तसा. समोरचा काहीही बोलो, बाईंच्या भुवया वर चढत, ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलत, आणि बोलणाऱ्याला वाटे, आज आपण काहीतरी विशेष बोललो. त्यामुळे येणारा प्रत्येक तज्ज्ञ त्यांना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवी.

बाई विशेष शिक्षिका होत्या. शाळेच्या जिन्याखाली ज्या खोलीत पूर्वी मोडके बाक टाकून देत, तिला आता रिसोर्स रूम म्हणत. बाकही तिथेच होते. वर्गात ज्यांचं वाचन अडतं अशी मुलं रोज तासभर तिथे येत, आणि काही महिन्यांत बाईंपुढे घडाघडा वाचू लागत. "बाईंपुढे दगड ठेवा, तोही वाचेल," असं मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, आल्यागेल्या पाहुण्यांना सांगत. मुलांना दगड म्हटल्याचं बाईंना वाईट वाटे आणि आपलं कौतुक झाल्याचं बरं वाटे. दोन्ही एकदम होत असल्यामुळे त्या नुसत्याच हसत.

ही मुलं पुढे पूर्णवेळ वर्गात परत गेली की त्यांचं वाचन हळूहळू आटून जाई, हेही खरं होतं. पण त्याची कारणं सगळ्यांना पाठ होती. वर्ग मोठा, शिक्षकांना वेळ नाही, मूल बुजतं. बाईंचं स्वतःचं कारण याहून हळवं होतं. "तिथे त्यांना कोणी जीव लावत नाही हो," त्या म्हणत, आणि म्हणताना त्यांचे डोळे खरोखर भरून येत.

यंदा पाळी भिंगरीची होती. पटावर तिचं नाव वेगळं आणि चांगलं लांबलचक होतं, पण ती एका जागी म्हणून टिकत नसे, त्यामुळे शिपायापासून मोठ्या सरांपर्यंत सगळे तिला भिंगरीच म्हणत. चौथीतली, दोन घट्ट वेण्यांची. दोन वर्षं बाईंकडे येत होती, आणि गेल्याच आठवड्यात बाईंनी तिच्या कागदावर शेरा मारला होता: स्वतंत्रपणे वाचते. येत्या सोमवारपासून ती इतर मुलांसारखी दिवसभर वर्गात बसणार होती. तिची आई कपड्यांच्या अल्टरेशनचं दुकान चालवायची. शेरा ऐकून ती बाईंचा हात धरून रडली होती. हात सोडताना सवयीने बाईंच्या बाहीची उसवलेली शिवण बघून म्हणाली होती, "हे द्या, मी घालून देते टाके." बाईंना हे सगळं फार आवडलं होतं.

प्रशिक्षणाची पद्धत अलीकडे बदलली होती. पूर्वी तज्ज्ञ बोलत आणि शिक्षक पेंगत. आता शिक्षकांचे धडे मोबाइलवर चित्रित करून सभागृहात पडद्यावर दाखवत, त्यामुळे पेंगायला अंधारही मिळू लागला होता. धडा बघून झाला की बाकीच्यांनी दोन शाबासक्या आणि एक सूचना द्यायची, असा नियम. शाबासक्या मोठ्याने द्यायच्या आणि सूचना अशी द्यायची की ती कोणाला लागू नये.

मोबाइल नेहमी शिक्षकाच्या पाठीमागे ठेवत, म्हणजे मुलाचा चेहरा दिसतो. बाईंच्या धड्याचं चित्रण संगीताच्या सरांनी केलं. भिंगरीच्या पाठीमागे खिडकी होती. "पोरगी नुसती काळी सावली दिसतेय," म्हणत सरांनी मोबाइलचं स्टूल उचलून तिच्या मागे नेलं आणि मोबाइल बाईंच्या तोंडासमोर लावला. खिडकीचा उजेड बाईंच्या चेहऱ्यावर छान पडला होता. बाईंनीही फार हरकत घेतली नाही.

आणि मग प्रशिक्षणाच्या दिवशी, गुरुवारी, सभागृहातले दिवे मालवले गेले आणि पडद्यावर भिंतभर बाई उगवल्या.

"अगं बाई," शेजारी बसलेल्या गणिताच्या बाई त्यांच्या कानाशी लागल्या, "ही हनुवटी तुझ्या एकटीचीच की आपल्या दोघींत मिळून आहे?"

"गप गं."

पहिली काही मिनिटं बाईंना लाज वाटली ती हनुवटीचीच. मग त्यांनी स्वतःला सावरून धड्याकडे लक्ष दिलं. पडद्याच्या खालच्या बाजूला भिंगरीचं डोकं पाठमोरं दिसत होतं. दोन वेण्या, मधला भांग. समोर बाई, मधे पुस्तक, पुस्तकावर बाईंचं बोट.

भिंगरी नवा धडा वाचू लागली. "डो... डोळा..."

पडद्यावरच्या बाईंच्या भुवया खाली आल्या. बोटाने त्याच शब्दाखाली टकटक केलं.

"डोकं... डोंगर..."

भुवया वर.

"डोंगरा... डोंगराच्या..."

बाईंचा सगळा चेहरा फुलला. बोट पुढे सरकलं. पुढच्या शब्दावर भिंगरी थांबली, तसे पडद्यावरच्या बाईंचे ओठ मिटले, जरासे पुढे आले, आणि प म्हणण्याच्या बेतात तिथेच थबकले.

"पाणी. पाय. पायथ्याशी!"

चेहरा पुन्हा फुलला. बोट पुढे.

सभागृहातल्या बाईंना एकदम उकडायला लागलं. पंखा डोक्यावरच होता. त्यांनी पडद्यावरच्या स्वतःवरून नजर काढून भिंगरीच्या वेण्यांवर लावली. मूल वाचतं तेव्हा मान खाली घालतं. मागून बघणाऱ्याला त्याची मानगूट दिसते, वेण्या दोन्ही बाजूंना पुढे घसरतात. हे बाईंनी आयुष्यभर पाहिलेलं होतं, म्हणजे निदान पाहायला हवं होतं. भिंगरीच्या वेण्या पाठीवर सरळ लोंबत होत्या. धडा संपला तरी त्या तशाच होत्या. आख्ख्या धड्यात तिची मानगूट एकदाही दिसली नव्हती.

ती पुस्तकाकडे बघतच नव्हती.

दिवे लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना वाटलं, आता कोणीतरी उठेल. एवढे शिक्षक बसलेत, सगळ्यांना डोळे आहेत, कोणीतरी उठून म्हणेल, आणि तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं.

एक तरुण शिक्षिका उठली. "माझी पहिली शाबासकी. बाईंच्या चेहऱ्यावर किती भाव आहेत! मुलीला कंटाळा यायला जागाच नाही."

मागच्या रांगेतले एक सर उठले. "मुलगी बाईंवरून क्षणभरही नजर काढत नाही. काय विश्वास आहे बघा. आमच्याकडे पोरं खिडकीतून बाहेर बघतात."

"आणि सूचना?" तज्ज्ञ सरांनी विचारलं. ते दुसऱ्या गावाहून आले होते आणि त्यांच्या गळ्यात सतत एक ओळखपत्र असे, जणू नाहीतर आपण कोण ते विसरायला होईल.

सगळे आपापल्या वह्या चाळू लागले. शेवटी एकजण म्हणाले, "मागचा फळा पुसलेला असता तर अजून छान दिसलं असतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फळ्याची सूचना लिहून घेतली गेली.

बाई उठून उभ्या राहिल्या. कशासाठी ते त्यांना नीट माहीत नव्हतं. "सर, मला एक वाटतं," त्या म्हणाल्या. "ती पुस्तक वाचत नाहीये. ती माझ्याकडे बघून बोलतेय."

सभागृह हसलं, पण मायेने. "हो ना, किती गोड बघते!" कोणीतरी म्हणालं.

"तसं नाही. मी तिला सांगतेय. न बोलता. माझ्या तोंडावरून—"

"मॅडम," तज्ज्ञ सर दोन्ही हात वर करत म्हणाले, "हा तुमचा विनय आहे. चेहरा हेच शिक्षकाचं पहिलं पाठ्यपुस्तक! लिहून घ्या सगळ्यांनी." सगळ्यांनी लिहून घेतलं. "ही फिल्म आपण सगळ्या केंद्रांना पाठवतोय. चहा."

बाई खाली बसल्या. चोरी पकडली गेली तर माणसाला लाज वाटते, एवढं त्यांना माहीत होतं. भर उजेडात, भिंतभर मोठी चोरी दाखवूनही कोणी पकडत नाही, उलट शाबासकी देतं, तेव्हा वाटते ती लाज वेगळीच. तिला बाहेर पडायला वाटच नसते. चहाच्या रांगेत तिघीजणी त्यांना भेटून गेल्या. एकीने फोटो काढून घेतला. फोटोसाठी बाई हसल्या आणि हसताना त्यांना आपल्या भुवया वर गेल्याचं स्पष्ट जाणवलं.

संध्याकाळी जेवणाआधी नवऱ्याबरोबर पत्त्यांचा एक डाव टाकायचा, हा त्यांच्या घरचा जुना नेम होता. पत्ते लावता लावता बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"तुला हे आज कळलं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आत्ता तुझ्याकडे जोकर आलाय."

बाईंनी पत्ते छातीशी धरले.

"लग्न झाल्यापासून मी जिंकतोय," तो म्हणाला. "तुला काय वाटलं, मला पत्ते खेळता येतात?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू खेळणं सोडलं असतंस." मग बाईंकडे बघून तो जरा वरमला. "पण त्या पोरांचं जरा वेगळं आहे, नाही का."

बाईंनी पत्ते खाली ठेवले. त्या दिवशीचा डाव अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भिंगरीचा रिसोर्स रूममधला शेवटचा तास होता. बाईंनी तिच्यापुढे न वाचलेलं पान उघडून ठेवलं आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"वाच."

भिंगरी वळली. "बाई, तुम्ही मागे का गेलात?"

"असंच. तू पुढे बघ."

"पण तुम्ही दिसत नाही."

"माझं काय काम आहे? धडा पुस्तकात आहे ना."

भिंगरीने हे नवीन असल्यासारखं ऐकलं. मग ती पुस्तकाकडे वळली. एका जागी न टिकणारी पोर अगदी दगडासारखी बसली, आणि तो शब्द मनात आल्याबरोबर बाईंनी तो झटकला. बऱ्याच वेळाने भिंगरीने चित्रावरून सुरुवात केली. चित्रात होडी होती. "एक होडी होती. होडी पाण्यात होती." पानावर म्हाताऱ्या नावाड्याच्या चष्म्याबद्दल लिहिलं होतं.

बाई पुढे येऊन बसल्या. ओठ मिटून, भुवया जागच्या जागी धरून, तोंड लाकडासारखं करून. "आता वाच."

भिंगरीने निरखून पाहिलं. "बाई, तुमचं पोट दुखतंय?"

"नाही."

"मग तुम्ही करत का नाही?"

"काय करत नाही?"

"तोंड." भिंगरीला प्रश्नच कळेना. "तुम्ही ओठ मिटले की प, नाहीतर ब, नाहीतर म. मग चित्र बघायचं. मग म्हणून बघायचं. भुवया वर गेल्या की त्याच्याच आसपासचं म्हणत राहायचं. बोट टकटक झालं की बदलायचं. तुम्ही हसलात की झालं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आधीच्या ताईने. ती सहावीत गेली ना, ती. नवीन कोणी आलं की आम्हीच शिकवतो. पहिल्या आठवड्यात." तिच्या आवाजात जबाबदारी होती. "तुम्हाला वेळ नसतो."

बाईंनी विचारलं, "आणि अक्षरं?"

"ती असतात ना खाली," भिंगरी समजूत घालत म्हणाली.

जिन्यावरून मुलांचा एक लोंढा धाडधाड उतरून गेला. तेवढ्या वेळात बाईंना इतकी वर्षं त्या खोलीतून बाहेर पडलेली मुलं आठवली, सगळी नाही, पण पुरेशी. जीव लावत नाहीत म्हणून ज्यांच्यावर त्यांनी खापर फोडलं होतं ते वर्गशिक्षकही आठवले.

"बाई," भिंगरी हळूच म्हणाली, "वर्गातल्या सरांचं तोंड कसं असतं? त्यांना एवढ्या मिशा आहेत. ओठच दिसत नाहीत. मला सोमवारपर्यंत कळायला हवं."

बाईंनी एकेक अक्षर सुटं लिहून तिला विचारलं, मान वळवून, भिंतीकडे बघत. अक्षरं तिला बरीच येत होती. काना चालत होता. वेलांटी लागली की गाडी थांबत होती. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जिथे होती तिथून थोडीशीच पुढे. आणि ते थोडंसं तिने कुठून तरी स्वतःच मिळवलं होतं, कारण बाईंनी तिला शिकवलं होतं ते भलतंच काही.

मधल्या सुट्टीत बाई मोठ्या सरांकडे गेल्या. वाटेत शिक्षक-खोलीत गणिताच्या बाई कपाटाच्या काचेसमोर उभ्या राहून भुवया वरखाली करत होत्या. "बघ गं, जमतंय का? माझं गणित तरी सुटेल पोरांना," त्या म्हणाल्या. बाई पुढे गेल्या.

"भिंगरीचा शेरा मला परत घ्यायचाय," त्यांनी मोठ्या सरांना सांगितलं, आणि का तेही सांगितलं.

मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट बातमी त्यांना धूसर बघायला आवडे. "बाई, तज्ज्ञांचा फोन येऊन गेला सकाळी. फिल्म पाठवली सुद्धा त्यांनी. शाळेचं नाव घालून. आणि आज तुम्ही म्हणता ती वाचत नाही?"

"वाचते. पुस्तक वाचत नाही."

"हे मी वर कसं कळवू?"

"जसं आहे तसं."

"जसं आहे तसं कळवायची सोयच नाही." त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "हे बघा. मुलीची तयारी थोडी मागे पडली, एवढं लिहा. सहा महिने अजून ठेवू तुमच्याकडे. मुलं मागे पडतातच. शिक्षक मागे पडला असा रकाना यात नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "काम तेच होतंय ना? पोरगी तुमच्याकडे राहतेय. मग तुम्ही उगाच स्वतःची शोभा का करून घेता?"

बाईंनी कागद घेतला. खरं सांगायचं तर जिना उतरताना त्यांना बरंच हलकं वाटलं. काम तेच होत होतं. मुलगी परत खोलीत येणार, यावेळी त्या तिला नीट शिकवणार, आणि तयारी मागे पडली म्हटल्याने कोणाचं काय जाणार? तो कागद भरताना त्यांचं अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

शाळा सुटल्यावर भिंगरीची आई आली. दुकान अर्ध्यावर टाकून आली असावी. गळ्यात मोजायची टेप तशीच होती आणि पदराला टाचण्या लावलेल्या होत्या. भिंगरी बाहेर व्हरांड्यात खांबाला धरून गोल फिरत होती.

"बोलावलंत बाई? सोमवारचं काही आणायचं राहिलंय का?"

"बसा ना." बाईंनी कागद पुढे केला नाही, नुसता समोर ठेवला. "सोमवारी तिला वर्गात नको पाठवूया. अजून थोडे महिने माझ्याकडे राहू दे. तिची तयारी जरा... मागे पडली आहे."

आईचा चेहरा हळूहळू बदलला. रडेल असं बाईंना वाटलं होतं. ती रडली नाही. तिने मान हलवली, आपल्याला हे आधीच ठाऊक असल्यासारखी.

"मागे नाही पडली बाई. नाटकं करते ती."

"नाटकं?"

"घरी कधीच वाचत नाही. पुस्तक दिलं की म्हणते डोळे दुखतात, म्हणते हे पान शाळेत नाही झालं, म्हणते येतच नाही. मी म्हणायची, बाईंसमोर घडाघडा वाचतेस आणि आईसमोर तोंड शिवलं का? तुम्ही सांगितलंत ना, स्वतंत्रपणे वाचते म्हणून. म्हणजे येतं तिला. मग माझ्यापुढेच का नाही?" ती जरा थांबली. "मागच्या आठवड्यात ठेवून दिल्या मी दोन. चांगल्या जोरात. आता तुमच्यापुढेही सुरू केलं का तिने? थांबा, बघतेच." आणि ती अर्धवट उठून दाराकडे वळून ओरडली, "ए, इकडे ये आधी!"

खांबाभोवतीचं फिरणं थांबलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांच्याच ओळखीचा नव्हता. "तिला मारू नका. ती नाटकं करत नाही."

"मग?"

"तिला येतच नाही."

आई परत खुर्चीवर टेकली. बाईंनी सगळं सांगितलं. सांगायला ते फार थोडं होतं: भुवया, ओठ, बोट, आणि वर मान करून बसलेली मुलगी. सभागृहात सांगताना जे कोणाला कळलं नव्हतं ते आईला पहिल्या वाक्यातच कळलं, कारण टाळ्या वाजवण्यात तिला काही रस नव्हता. तिने टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला, त्यावरची ओळ वाचली आणि बाईंकडे पाहिलं.

"तयारी मागे पडली. हे मुलीचं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"माझ्या हातात देणार होतात?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांची चांगलीच इच्छा होती, पण चेहरा ऐकत नव्हता.

"मी तिला मारलं, बाई. तुमच्या शब्दावर. माझ्या पोटची पोर मला सांगत होती येत नाही, आणि मी तुमचं खरं धरलं." तिने टाचण्या चाचपल्या, उगाचच. "वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. बाईंना जमतं ते आईला जमत नाही."

बाईंनी मान खाली घातली. काय बोलावं याचं प्रशिक्षण कोणी दिलं नव्हतं. माफ करा म्हणावं तर ते फार स्वस्त, न म्हणावं तर आणखी स्वस्त.

भिंगरी दारात येऊन उभी होती. एक पाय दुसऱ्या पायावर, गाल आधीच हाताने झाकलेला. तो हात बघून आईने तोंड फिरवलं.

"तुम्ही सांगा तिला," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्यासमोर. मी तर मारून बसलेय, माझं कशाला ऐकेल ती."

बाई उठल्या आणि भिंगरीसमोर खाली, मोडक्या बाकाच्या कडेवर बसल्या, म्हणजे दोघींचे चेहरे समोरासमोर आले. "हे बघ. तू घरी म्हणालीस ना, येत नाही म्हणून, ते खरं होतं. तू नाटक केलं नाहीस. तुला वाचायला येतं असं मी सगळ्यांना सांगितलं, ते चुकीचं होतं. मी तुला वाचायला शिकवलंच नाही. त्यात तुझी काही चूक नाही. एवढीशी पण नाही."

अवघड शब्द आला की बघायची तशी भिंगरी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. आधी ओठ, मग भुवया, मग पुन्हा ओठ. बाईंना तोंड लपवावंसं वाटत होतं. पण त्यांनी ते आवरलं नाही की सजवलं नाही, जसं होतं तसं तिच्यापुढे राहू दिलं. नाकातून पाणी येत होतं, तेही.

मग भिंगरीने गालावरचा हात काढला आणि आईकडे वळून सांगितलं, "आई, बाई खरं बोलतायत."

"ते मलाही दिसतंय," आई म्हणाली. आवाजात जराही नरमाई नव्हती. तिने टेबलावरचा कागद घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला, बाईंना न विचारता. "सोमवारी इथेच येईल ती. पण मी पण येणार. रोज. दुकान उशिरा उघडीन."

"या ना," बाई म्हणाल्या.

"मी तिच्या शेजारी बसणार, पुस्तकाकडे बघत." तिने मुलीचा हात धरला, मग सोडला, मग पुन्हा जरा वेगळ्या तऱ्हेने धरला. दारातून तिने वळून विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसणार?"

बाईंनी खोलीत सगळीकडे पाहिलं. ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.